व्याह्यांना पाऊसपाणी विचारायची तयारी

३ ऑगस्ट
स्टेलाचे सासू-सासरे नाताळला फ्रान्सहून नेवाशाला, आपल्या घरी येणार. लग्नात व्याह्यांशेजारी मी लग्नभर मुका बसलो होतो. पोरीला सगळ्यांसमोर अवघडल्यासारखं झालं. मलाही वाईट वाटलं. या वेळी फ्रेंच बोलणार. ठरलं.

४ ऑगस्ट
पद्धत ठरवली. पाहुणा टेकला की पहिला प्रश्न पाऊसपाण्याचा. पुढचं बोलणं आपोआप निघतं. म्हणून आधी पाऊस पक्का करायचा. ‘इल प्लू’ म्हणजे पाऊस पडतोय. झालं. लोक उगाच फ्रेंचचा बाऊ करतात.

१९ ऑगस्ट
मधे खंड पडला. मोबाईलवरून शिकतोय, दोष त्याचाच. आज ‘इल ब्रुईन’. म्हणजे भुरभुर. हन्ना विचारत होती, या, बसा, जेवा हे कधी शिकणार. बायकोला पाया कच्चा ठेवून इमारत उठवायची आहे.

७ सप्टेंबर
‘इल प्लू दे कॉर्द’. दोरखंड पडावेत तसा पाऊस. भाले पडतात तसाही एक आहे. इकडे बरेच दिवस थेंब नाही, कपाशीने माना टाकल्यात. त्यामुळे सरावाला वाव कमी. शेजारच्या भागवतला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, पीटरभाऊ, त्यांच्याकडं लई हाय तर थोडा हिकडं धाडा म्हनावं.

२ ऑक्टोबर
गाय मुतते तसा पाऊस सापडला. अस्सल फ्रेंच आहे, माझी भर नाही. डेअरीत उभा जन्म गेला, त्यामुळे एका वाचनात पाठ. विहीणबाईंसमोर म्हणायला हन्नाची मनाई.

१६ नोव्हेंबर
हन्ना म्हणते, नाताळात पाऊस नसतोच. हे तिने ऑगस्टात सांगायला हवं होतं. आता अभ्यासक्रम बदलणं शक्य नाही.

२३ डिसेंबर
आज ‘ऊन’ करणार होतो. रंगकामवाला आला.

२४ डिसेंबर
आले. अंगणात लख्ख ऊन. व्याह्यांनी हात जोडले आणि चक्क मराठीत विचारलं, पाऊसपाणी कसं आहे. स्टेलाने शिकवलेलं. म्हणजे माझा प्रश्न त्यांनीच घेतला, आणि उत्तर माझ्या गळ्यात. मी फ्रेंचमध्ये म्हणालो, भुरभुरतोय. ते बघत राहिले. मग पडतोय म्हणालो, मग दोरखंड, मग भाले. गाय तेवढी गाळली.

व्याह्यांनी आभाळाकडे पाहिलं. बॅगेतून छत्री काढली, उघडली आणि आम्हा दोघांच्या डोक्यावर धरली. तसेच उभे राहिलो. भागवत कुंपणाशी येऊन बघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस मात्र आवडला.

स्टेलाने फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. फोटो माझं बोलून झाल्यानंतरचा आहे. त्यामुळे त्यात मी गप्पच दिसतोय.