काशीरामाचा पट्टा मी सांधला त्याची हकीगत

मुक्काम गांधीधामजवळ, गुजरात
ता. ९ डिसेंबर २००५

तीर्थरूप बाबलीमामांस,

भाचा सुदेश याचा तोंडवलीकडे तोंड करून नमस्कार (दिशा चुकली असल्यास जिकडे तुम्ही असाल तिकडे समजून घ्यावा). मामीच्या गुडघ्यांना उतार पडला का? आये वेळेवर जेवते का? मी खुशाल आहे. खुशाल म्हणजे हातपाय जागच्या जागी आहेत आणि नोकरीही आहे. यातलं दुसरं काल दुपारी लिहिता आलं नसतं. (समोर असलो की तुम्हाला तूच म्हणतो, पण पत्रात मोठ्यांना तुम्ही म्हणायचं हे चौथीत शिकलो. शाळेतलं तेवढंच राहिलं.)

तुमचे दोस्त परशुराम मेस्त्री यांनी तुमच्या शब्दावर मला इथे घेतलं, हे मी विसरलो नाही. दोडामार्गाला रबराचा चीक काढायला गेलो तो पळालो. मडगावच्या हॉटेलातून पळालो. तुमच्याच होडीतून तर ती किनाऱ्याला टेकायच्या आधी उडी मारून पळालो. म्हणून निघताना तुम्ही म्हणालात, "मेल्या, थयसूनय पळालंस तर माझा नाक कापला म्हणान समज." ते तुमचं नाक काल दिवसभर कात्रीत होतं. कसं ते ऐका.

आम्ही कारखान्याची चिमणी बांधतो. वरून खालचा ट्रक जाळ्यातल्या सुंगटाएवढा दिसतो. वर जाताना अंगात पट्टा घालायचा, मांड्यांतून आणि खांद्यांवरून, आणि त्याच्या पाठीकडच्या दोरीचा आकडा लोखंडात अडकवायचा. पाय सुटला तर पट्टा माणसाला धरतो. म्हणून रोज चढण्याआधी तो हातात वाकवून बघायचा. धागे तुटलेत का, शिवण उसवली का, वेल्डिंगच्या ठिणगीने कुठे खाल्लंय का, आकड्याची जीभ आपोआप मिटते का. खराब दिसला तर मेस्त्रींना दाखवायचा. इथपर्यंत सगळं डोक्यात शिरलं, फक्त "दाखवायचा" का ते शिरलं नाही. आपल्याकडे भोक दिसलं तर कोणी कोणाला दाखवत हिंडतो का? सुई घेऊन बसतो.

माझा जोडीदार काशीराम कुणकेश्वरचा. त्याच्या पट्ट्याला मांडीपाशी ठिणगीने खाल्लं होतं. माझ्या पेटीत तंगुसाचा दोरा आणि जाळं सांधायची सुई होतीच (आपला माणूस त्याशिवाय घर सोडतो का?). रविवारी सावलीत बसून असा सांधला, की तुम्हीसुद्धा वा म्हटलं असतंत, आणि तुम्ही जन्मात कोणाला वा म्हटलेलं मी ऐकलं नाही. काशीराम म्हणाला, "सुदेशा, तुज्या हातात बाबलीमामाचो हात आसा रे." झालं, मी फुगलो. बाकीच्यांचे खराब पट्टे मागून आणले, तेही सांधले. चार दिवस सगळे माझ्या टाक्यांवर भरवसा ठेवून आभाळात लोंबकळले. मीही.

काल सेफ्टीचे त्रिवेदी साहेब पट्टे तपासायला आले. काशीरामाचा पट्टा वाकवून माझ्या शिवणीकडे बघत राहिले. मला वाटलं, आवडली. "ये किसने किया?" मी हात वर केला (शाळेत कधी केला नव्हता, तो असा उपयोगी पडला). साहेब ओरडले नाहीत. ओरडायचं काम मेस्त्रींनी केलं. "अरे मेल्या, जाळ्यातसून एक बांगडो सुटलो तर शंभर रवतत! हय बांगडो एकच, आणि तो काशीराम!"

मी गप्प बसायला हवं होतं. म्हणालो, टाका सुटणार नाही, बाबलीमामाचा टाका आहे. साहेब म्हणाले, देखते हैं. तो पट्टा वाळूच्या गोणीला बांधला, दोरी तुळईला अडकवली आणि गोण वरून सोडून दिली.

मामा, टाका सुटला नाही. टाक्याच्या शेजारी पट्टाच टरकला. उन्हाने तो आतून कधीच कुजला होता. गोण फुटून वाळू पसरली. मी वाळूकडे बघत होतो, काशीरामही वाळूकडेच बघत होता. मग तो हळूच म्हणाला, "टाको मात्र बरो आसा हां," आणि तिथेच खाली बसला.

साहेबांनी मला घरी पाठवायचं ठरवलंच होतं. मेस्त्री मध्ये पडले. तुमच्या मैत्रीखातर पडले की मला ओरडायचं अजून शिल्लक होतं म्हणून, ते विचारलं नाही. शेवटी ठरलं, की मी सांधलेले सगळे पट्टे मीच सगळ्यांसमोर कापायचे, आणि कोणी उचलून परत घालू नये इतके बारीक. स्वतःचा टाका कापायची पाळी वैऱ्यावरही येऊ नये. कात्री चालेना. पण शेवटचा तुकडा पडला आणि इतकं हलकं वाटलं, की मला हसूच फुटलं. काशीराम जिवंत, बाकीचे जिवंत, मी कामावर, आणि तुमचं नाक तुमच्या तोंडावर! सगळे म्हणाले, पोराला ऊन लागलं. लागू दे. आता नवे पट्टे सावलीत टांगतो, साबणाच्या पाण्याने धुतो, आणि भोक दिसलं की हात पाठीमागे बांधून मेस्त्रींना हाक मारतो. बोटं शिवशिवतात, पण हाक मारतो.

यातलं आयेला काही वाचून दाखवू नये. तिला सांगा, सुदेशाचं काम जमिनीवरच असतं.

तुमचा, यावेळी न पळालेला,
सुदेश

ता. क. मामीला सांगावं, कुळथाची पिठी संपली. कोण इकडे येत असेल तर त्याच्याकडे द्यावी.

ता. क. आणखी एक. खरं तर पत्र लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी. माडावर चढताना तुम्ही कमरेभोवती जी दोरी घेता, ती कितीदा सांधली आहे? विचारलं की गाठ ओढून दाखवता आणि म्हणता, "सुटाची नाय." नाहीच सुटणार, मामा. तुमची गाठ कधी सुटली आहे? पण काल रात्रीपासून मला सारखी ती वाळू दिसते. मेस्त्री सुट्टीवर येताना नवी दोरी आणतील. तोवर माडावर चढायचं नाही. जुनी आजच कोयत्याने तोडा.

ता. क. शेवटचा. मेस्त्रींनी हे वाचलं आणि म्हणाले, "बाबली ऐकाचो नाय, चंद्रावतीक लिही." म्हणून मामीला आधी लिहून टाकलं, हे मागाहून टाकतो आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा दोरी शोधत बसू नये. मामीला बारीक तुकडे करायला सांगितलं आहे.