खडू वर की खाली

पोलाद वसाहत, नायजर नदीकाठ
१९ जानेवारी, रविवार

लाडक्या एनेसी,

आईचे आशीर्वाद. तू कसा आहेस, सूनबाई बोसेदे कशी आहे, काम कसं चाललंय, लेगॉसला वीज असते का, छोटीला दात आले का? आपल्याकडे एवढं सगळं विचारल्याशिवाय माणूस उंबरठा ओलांडत नाही, म्हणून पत्रातही आधी विचारून घेतलं. आम्ही ठीक. तुझे बाबा आहेत तसे आहेत, मी आहे तशी आहे आणि कारखाना पंच्याण्णव टक्के पूर्ण आहे.

हसलास ना? हस. तू पाळण्यात होतास तेव्हाही तो पंच्याण्णव टक्केच पूर्ण होता.

फोन सोडून पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. आपल्या घरात नेटवर्क फक्त पुढच्या खिडकीत येतं आणि त्या खिडकीखालीच बाबांची खाट आहे. झटक्याने उजवा हात गेला, पाय गेला, पण कान मेले तिखट आहेत. मी तुझ्याशी बोलत असले की ते भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतात आणि नंतर विचारतात, "छोटीला ताप कशाने आला म्हणालीस?" म्हणून हे पत्र बसवाल्या अडेझाकडे देतेय. तो तुझ्या हातातच देईल.

इकडची खबर अशी. हरमॅटन वाऱ्याची धूळ यंदा जास्त आहे. अंथरुणावर, जेवणात, दातांत, सगळीकडे. शेजारच्या रेकियाच्या मुलीचं लग्न ठरलंय. कितपत ठरलंय म्हणून विचारलं तर रेकिया म्हणते, "बाई, पंच्याण्णव टक्के." नवऱ्यामुलाला नोकरी नाही, हे उरलेले पाच टक्के.

नाताळाआधी नवे मंत्री येऊन गेले. त्यांच्याबरोबर परदेशी पाहुणे होते. या वेळी कुठल्या देशाचे ते मी विचारलंच नाही. रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासला, बायकांना एकसारखी लुगडी वाटली. मी निवृत्त झाले तरी मुलांचं स्वागतगीत बसवायला मलाच बोलावलं. गीत तेच रे, तुम्ही म्हणायचात तेच. ज्यांना मी ते शिकवलं त्यांची पोरं आता म्हणतात. मंत्री म्हणाले, टेकडीत लोखंड आपलं, नदीत पाणी आपलं, दगडी कोळसा आपला, लवकरच हा देश जगाला पोलाद विकेल. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, सवयीने वाजतात. घरी आले तर रेकियाच्या दारात छपराच्या स्लॅबसाठी सळयांचा भारा पडलेला. त्याच्या पट्टीवर चिनी अक्षरं होती.

हे मी बाबांना सांगितलं नाही. हल्ली त्यांना बरंच काही सांगत नाही.

ते मात्र उमेदीत आहेत. मी त्यांना कुशीवर वळवते तेव्हा म्हणतात, "सांभाळून, माझंही बेअरिंग गेलंय." चवळीची अपापा पानात उकडून, कुस्करून भरवते. अर्धी खातात. डॉक्टर म्हणाला, मनाला धक्का बसू देऊ नका, दुसरा झटका झेपायचा नाही. आणि दर गुरुवारी सकाळी, तोंड धुवायच्या आधी, ते विचारतात, "आज गुरुवार ना? फुंकणी?"

फुंकणी तुला आठवत असेल. भट्टीत वारा सोडणाऱ्या त्या अवाढव्य यंत्राला मी फुंकणी म्हणायचे आणि ते चिडायचे. "रशियात सहा वर्षं घालवून मी फुंकणी शिकून आलो काय गं?" भट्टी कधी पेटली नाही, फुंकणी कधी फिरली नाही. पण तिच्या पोटातला तो रोटर, तो जाड फिरता दांडा, एकाच जागी पडून राहिला तर स्वतःच्या वजनाने वाकतो, म्हणून तो दर गुरुवारी पहार लावून अर्धा वळसा फिरवायचा. आधी त्यांच्या हाताखाली आठ माणसं होती. मग चार. निवृत्तीनंतर पगार थांबला, तरी हे आणि फाटकावरचा सुबेरू असे दोघेच फिरवत राहिले. माझ्या शाळेतला खडू नेऊन रोटरवर खूण करायची. एका गुरुवारी खूण वर, पुढच्या गुरुवारी खाली. लहानपणी तुला खांद्यावर घेऊन ते ती खूण तुझ्या हातून करवायचे आणि तू नाकापर्यंत ग्रीस माखून घरी यायचास. तुझे किती सदरे मी फेकले असतील!

म्हणूनच तू त्या भंगार वितळवणाऱ्या गिरणीत लागलास तेव्हा त्यांना इतकं लागलं. "मी बनवायला बसलोय आणि पोरगा लोखंडाचा खाटीक झाला," म्हणाले. त्यावर तू म्हणालास, "तुम्ही बनवलंत काय, ते तरी दाखवा." दोघंही चुकलात. पण चूक मोजत बसायला आता मला वेळ नाही.

ऑक्टोबरात त्यांना झटका आला. त्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी ते खाटेवरून उठायची धडपड करू लागले. मी म्हटलं, "पडून राहा, मी जाते." त्यांचा अंगरखा चढवला, डोक्याला फडकं बांधलं आणि गेले. सुबेरूने पहारेचं एक टोक धरलं, मी दुसरं. इतकी वर्षं पोरांना ओरडून माझी छाती मजबूत झालीये, हात नाहीत. तरी फिरला रे! गरगर नव्हे, कुरकुरत, पण फिरला. घरी आले तर त्यांनी आधी माझा हात नाकाशी नेला आणि ग्रीसचा वास घेतला. मग विचारलं, "खडू वर की खाली?" मी म्हटलं, खाली. ते समाधानाने झोपले. लग्न झाल्यापासून माझ्यावर इतके खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून दर गुरुवारी मी जाते. निदान ते तसं समजतात.

परवाच्या गुरुवारी माझी चूक झाली.

"खडू?" त्यांनी विचारलं.

"वर."

"मागल्या गुरुवारीही वर होता."

मी गडबडले. म्हटलं, "जोर जास्त लागला असेल, पुरा वळसा झाला."

"तू? पुरा वळसा?" ते हसले, आणि मग त्यांचं हसू गेलं. "फिरलाच नाही तो. तुम्हा दोघांना पेलत नाही आणि तू मला बनवतेस. वाकला असेल आता. इतकी वर्षं सरळ ठेवला आणि आता वाकला." ते रडायला लागले. एका बाजूने तोंड वाकडं होतं ना, त्यामुळे ते रडतात की हसतात हे कळायलाही वेळ लागतो. मी डोकं मांडीवर घेऊन बसले. रडं ओसरल्यावर म्हणाले, "एनेसीला बोलाव."

मी म्हटलं, "खाटकाला?"

"खाटकाचे खांदे चांगले असतात. अजून सरळ होईल. बोलाव त्याला."

चार वर्षांनी तुझं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. मी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं. आनंद झाला म्हणून नव्हे रे. तू आलास की ते तुला फुंकणी फिरवायला पाठवणार, आणि फुंकणी नाही.

लिहिलं एकदाचं. डोळ्यांनी खूण पाहिली असती तर मी वर आणि खालीमध्ये चुकले असते का?

नोव्हेंबरात एका गुरुवारी मी गेले तर त्या दालनाच्या भिंतीला ट्रक जाईल एवढं भगदाड. आत जमिनीतून वर आलेले जाड बोल्ट आणि तेलाचा डाग, बाकी काही नाही. जे कापता आलं ते कापून नेलं होतं. सुबेरू टोपी हातात घेऊन उभा. "बाई, ट्रकवाल्यांकडे परवानगीचा कागद होता. मी फाटक उघडणारा माणूस, कागदाला काय विचारणार?" मी त्याच्यावर ओरडले. मग त्या म्हाताऱ्याला रडताना पाहून गप्प झाले. कुणाकडे जायचं होतं मी? ठाण्यात गेले असते, तर त्यांनी कागद मागितला असता. मंत्री आले होते, तेव्हा मी त्यांच्यापासून हातभरावर उभी होते. माझ्या हातात गाण्याचा कागद होता आणि समोर पोरं माझ्या बोटाकडे बघत होती. मी बोट हलवलं, पोरं गायली. याचा राग मला अजून येतो. माझाच.

तेव्हापासून गुरुवारी मी फाटकापर्यंत जाते, सुबेरूजवळ आंब्याखाली बसते, परत येते. पुढच्या गुरुवारी काय सांगायचं ते लक्षात राहावं म्हणून फळीवर एक पितळी पेला ठेवलाय. सुलटा म्हणजे वर, पालथा म्हणजे खाली. गेल्या आठवड्यात रेकिया लग्नाची खबर घेऊन आली, माझी दमछाक पाहून बिचारीने भांडी घासली आणि पेला सुलटा ठेवून गेली. एवढंच झालं.

ट्रक ताडपत्री टाकून तुमच्या दिशेला गेले, असं सुबेरू म्हणतो. तुमच्या आवारात काय काय येतं ते मी तुला विचारत नाही आणि तूही मला लिहू नकोस. एखादा म्हणेल, चला, त्या यंत्राचं शेवटी पोलाद तरी झालं. मला तसं म्हणवत नाही.

तुला खरं सांगू? मी थकले. चाळीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारल्या. पण त्या माणसाला आता फुंकणी गेली हे सांगायची माझी छाती नाही, आणि रोटर वाकलाय असं त्यांना वाटू देणंही जमत नाही. दोन्हीकडून अडकलेय. तू येऊन खरं काही बदलणार नाही, हे मला कळतं.

तरी ये. बुधवारी अडेझाच्या बसने ये. ते आधी भिंतीकडे तोंड करतील, तू मनावर घेऊ नकोस. गुरुवारी त्यांचा अंगरखा घाल, त्यांच्यादेखत पहार खांद्यावर टाक आणि नीघ. फाटकाशी सुबेरूजवळ बस. आत जाऊ नकोस. थोडं ऊन चढू दे, घाम येऊ दे. परत येताना आपल्या पाण्याच्या टाकीमागे ग्रीसचा डबा ठेवलाय, दोन्ही हातांना लाव. नखांतही जाऊ दे. ते तुझा हात नाकाशी नेतील. हात काढून घेऊ नकोस, त्यांना हवा तेवढा वेळ धरू दे.

तुझी वाट बघणारी आणि तुलाही आता खोटं बोलायला शिकवणारी,
आई

ता. क. खडू सध्या वर आहे, असं ते धरून चाललेत. म्हणजे तुझ्या हातून तो खाली यायला हवा. गुरुवारी विचारतील तेव्हा "खाली" म्हण. आणि "सरळ आहे, बाबा," असंही म्हण.