आईचे सोमवार

लातूर, मंगळवार

प्रिय संगमेश्वरदादा,

आईच्या पित्ताशयात खडे निघाले. उद्या ऑपरेशन आहे. जेवणानंतर तिच्या उजव्या बरगडीखाली कळ यायची, तेव्हा पोटाला विश्रांती मिळेल म्हणून सोमवारचे उपास मीच धरायला लावले. डॉक्टर म्हणाले, दिवसभर उपाशी राहिलं की पित्त पिशवीत साचतं. संध्याकाळी तळलेलं खाल्लं की पिशवी आवळते आणि खडा तिच्या तोंडाशी अडकतो.

"उपास कुणी सांगितले, उमाबाई?"

"कुणी न्हाई, डाक्टरसाब. मलाच लई हौस."

मी शेजारीच उभी होते, तरी गप्प राहिले. तुला लिहिणं सोपं वाटलं. पण हे आधी डॉक्टरांना, आईच्या समोर सांगायला हवं. तोवर हे पत्र वहीतच राहू दे.

तुझी,
अंजू