चरबी तोडणाऱ्याचा जोडधंदा

४ मार्च, ग्रोनिंगन
आमचं एन्झाइम चरबी तोडतं. जन्मभर तेवढंच करतं, असा सगळ्यांचा समज. आज त्याच्यापुढे दोन भलतेच रेणू ठेवले, तर पठ्ठ्याने ते चक्क जोडले. नोकरी तोडण्याची, जोडधंदा जोडण्याचा. जूनमध्ये संपणारं माझं कंत्राट आता वाढणारच. ठरवलंय, उतावीळपणा करायचा नाही.

५ मार्च
विभागप्रमुख हिल्डेबाईंना सांगून टाकलं. शुक्रवारच्या बैठकीत मांडा म्हणाल्या. शेजारच्या टेबलावरची फेमके म्हणते, एन्झाइम उकळून मार आणि पुन्हा बघ. मेल्यावरही जोड झाली तर ते काम त्याचं नव्हे. हातच्या कांकणाला आरसा कशाला? निव्वळ मत्सर.

६ मार्च
मन शांत आहे. सायकल काढून दोनदा लॅबमध्ये गेलो, काही न करता परत आलो. आउक्ये (बायको) विचारत होती, मला मास्ट्रिक्टला नोकरी मिळतेय, काय कळवू. देशाचं पार दुसरं टोक. म्हटलं, नाही कळव. बरं म्हणाली. समजूतदार आहे.

७ मार्च
फेमकेचं तोंड बंद व्हावं म्हणून एन्झाइम उकळलं. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं झालं. तरी जोडतंच आहे! म्हणजे मेल्यावरही राबणारं एन्झाइम. शोध दुप्पट मोठा.

८ मार्च
बैठक. छान बोललो. मग फेमके उठली. तिने माझंच द्रावण घेऊन, त्यातलं एन्झाइम गाळून काढून प्रयोग केला होता. जोड झालीच. एन्झाइम शुद्ध करताना वापरलेलं एक रसायन मी नीट काढलं नव्हतं, सगळं काम त्याचं. लोक हसले. मीही हसलो, जरा उशिरा. नंतर हिल्डेबाईंनी दार लावून सांगितलं, जूननंतर जमणार नाही. हे म्हणे जानेवारीतच ठरलं होतं.

९ मार्च
आउक्येला सगळं सांगितलं. वाटाण्याचं सूप वाढता वाढता म्हणाली, मास्ट्रिक्टला मी फेब्रुवारीतच हो कळवलंय. मग त्या दिवशी मला विचारलंस कशाला? तर म्हणे, तुला बरं वाटावं म्हणून. तिथल्या एका शाळेला रसायनशास्त्राचा मास्तर हवाय. मुख्याध्यापिकेशी बोलूनही झालंय तिचं. सांगितलंय, प्रयोग जेमतेम करतो, पण समजावतो छान.
म्हटलं, विचार करून सांगतो.
म्हणाली, सूप गार होतंय.