पाण्यात उभा देव

शेळगाव, ता. इंदापूर
रविवार, १२ जानेवारी १९९७

प्रिय राम,

तुझं छापील पत्रक पोचलं. गुळगुळीत कागद, चार रंग. वर कच्छचा पावा, पंजाबचा ढोल, बंगालचा एकतारीवाला आणि खाली कोपऱ्यात आपले तात्या. कानाला हात, तोंड उघडं. फोटोखाली छापलंय, 'गतवर्षी बारामतीकर रसिकांची मने जिंकणारे धनगरी ओवीचे बुजुर्ग गायक'. वर तुझ्या हातची चिठ्ठी टाचलेली, की अक्का, तात्यांना सांग, यंदा कमिटीशी भांडून दहा मिनिटं मिळवली आहेत. पत्रक चुलीत घालणार होते. घातलं नाही, कारण त्यावर तात्या आहेत. पण तो फोटो नीट बघितलास का रे? त्यात तात्यांच्या पुढं माइक नाही. तू माइक काढून घेतल्यानंतरचं ते उघडं तोंड आहे, आणि तेच तू हजार कागदांवर छापलंस!

परवा संक्रांत. छकुलीसाठी तिळाच्या वड्या या पत्रासोबत देते आहे, त्या तिलाच दे. तू खाऊ नकोस, कारण तुझ्याशी गोड बोलायला मला यंदा जमणार नाही. अकरा महिने मी गप्प बसले. तू धाकटा, शिकलेला, बारामतीत मास्तर, मंडळाचा सेक्रेटरी. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढणारी. माझी तुला काय शिकवायची टाप, असं म्हणून गिळत राहिले. आता गिळत नाही.

तुझी बाजू मला माहीत आहे, उगाच नाही म्हणत नाही. तात्यांना गेल्या वर्षीच्या त्या लोकसंगीत मेळाव्यात घ्यायचं म्हणून तू कमिटीत सगळ्यांशी वाद घातलास. ओवी लांबते, लोक उठून जातात, असं ते म्हणत होते. तू शब्द दिलास की आठ मिनिटांच्या वर जाणार नाही. तात्यांनाही तू तीनदा बजावलंस, आणि तात्या तीनदा व्हय म्हणाले. पण राम, तू त्याच माणसाच्या पोटचा. त्यांनी आयुष्यात कधी आठ मिनिटं मोजली होती का? मेंढरं पाण्यावर गेली की दुपार, वाड्यावर परत आली की सांज, एवढंच त्यांचं घड्याळ. ते व्हय म्हणाले ते तुला बरं वाटावं म्हणून.

कालव्याकाठचं ते मैदान, खुर्च्या, झालरी. मी दुसऱ्या रांगेत होते. तात्या आणि त्यांचे जन्माचे झीलकरी गेणबाकाका समोरासमोर घोंगडीवर बसले, एकमेकांना भंडारा लावला, आणि तात्यांनी सुंबरान मांडलं. देवाला हाक मारून बोलावलं, बसवलं. आपल्या घरची ओवी. बिरोबाचा कळप नीरेच्या पुरात अडकतो आणि देव एकेक कोकरू खांद्यावर घालून पैलतीराला नेतो. तू ती नवव्या वर्षी पाठ केली होतीस. मला नव्हती शिकवली, मी पोरगी. तात्यांनी एक ओळ सोडायची, गेणबाकाकांनी ती उचलून पुढची जोडायची, त्यांनी झील धरली की कसं मैदान भरून गेलं होतं! शेवटचं कोकरू राहिलं. देव पाण्यात उतरला. आणि पुढं तुमचा तो तांबडा दिवा लागला.

तो दिवा वेळ संपल्याची खूण आहे, हे तुला माहीत, कमिटीला माहीत. तात्यांना वाटलं, देव पाण्यात उतरला म्हणून पोरानं देवापुढं दिवा लावला. हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी त्या दिव्याला हात जोडले, बघितलंस ना तू? हात जोडले आणि आवाज आणखी वर नेला. म्हणून तर तुला धावत यावं लागलं. नवा सफारी घालून तू आलास, माइकवर पंजा ठेवलास, तो उचलून नेलास, आणि निवेदकानं आभार मानले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. राम, मीही वाजवल्या. सगळे वाजवत होते म्हणून माझेही हात चालले. त्या टाळ्यांची मला आजही शरम वाटते. समोर गेणबाकाका तसेच कानाला हात लावून बसले होते, तात्यांची ओळ आली की उचलायची म्हणून.

मागं मांडवात जेवणं होती. तात्यांनी ताटाला हात लावला नाही. तू आलास आणि विचारलंस काय, तर शाल आणि नारळ मिळाला ना! आणि तो कच्छचा म्हातारा पावावाला, ज्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तो आपलं ताट घेऊन तात्यांशेजारी येऊन बसला. तोही मेंढरं राखणारा. तात्यांनी गाण्यात मेंढरांना घातलेली हाळी त्याला ओळखू आली होती. त्यानं विचारलं, "फिर आगे क्या हुआ?" तात्या म्हणाले, "पानी में खडा है." त्या माणसानं हातातला घास खाली ठेवला. तुमच्या पत्रकावर लिहिलंय, 'लोकसंगीतातून प्रांताप्रांतांतील मने जोडणारा मेळावा'. जोडलं ते त्या दोघांनी, जेवणाच्या ताटावर. तू त्या वेळी पंजाबच्या ढोलवाल्यांना हार घालत होतास.

आता त्यानंतरचं ऐक, कारण तू विचारलं नाहीस. चैत्रात आपल्या बिरोबाची जत्रा झाली. तात्या गायला बसले नाहीत. पंच विनवून दमले. एक देव बसवलेला तसाच ठेवून दुसऱ्यांदा सुंबरान मांडायचं नसतं, एवढंच म्हणाले. पन्नास वर्षांत पहिल्यांदा देवळापुढं टेप लावली. तुला मी निरोप धाडला होता, तू वार्षिक परीक्षा आहेत म्हणालास. आषाढात गेणबाकाका गेले. दोन दिवस ताप, संपलं. तू मातीला आलास, दुपारच्या एसटीनं परत गेलास. जायच्या आधल्या दिवशी काकांनी तात्यांना काय विचारलं ठाऊक आहे? "तात्याबा, त्यो पाण्यातच ऱ्हायला का रं?" काकांच्या पोराला ओवी येत नाही, तो ट्रकवर आहे. गावात बाकी कुणाला आपल्या घरची ओवी पुरी येत नाही.

दिवाळीपासून तात्या दर गुरुवारी बारामतीला जातात. मला सांगायचे, डोळ्यात घालायचं औषध आणायचंय, बाजारही होतो. मी म्हटलं जाऊ देत, पोराकडं, नातीकडं टेकत असतील. बाजारची पिशवी मात्र रिकामी यायची आणि औषधाची बाटली तीच, दिवाळीतली. मग सावळारामची बायको बाजारातून आली ती सांगत, की सिंधू, तुझा बा मैदानावर एकटाच बसलेला दिसला गं. तरी मला खरं वाटेना. परवाच्या गुरुवारी मी पुढच्या एसटीनं त्यांच्या मागं गेले.

कालव्याकाठचं तेच मैदान. तुमच्या स्टेजची जागा मोकळी, चार खड्डे बुजलेले. तिथं तात्या घोंगडी अंथरून बसले होते. अर्ध्या घोंगडीवर आपण आणि समोरची अर्धी रिकामी ठेवलेली. कॉलेजची पोरं क्रिकेट खेळत होती. त्यांचा चेंडू आला की "आजोबा, बॉल!" म्हणायची आणि तात्या उठून टाकायचे, पुन्हा येऊन बसायचे. मी जवळ गेले तर चोरी पकडल्यासारखे दचकलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "बस. भाकरी आणलीया." मी म्हटलं, तात्या, हितं काय करताय? तर म्हणाले, "बाई, आमी त्याला हाक मारून हितं आणला. पाण्यात उभा क्येला. आता त्याला एकट्याला सोडून घरला कसं बसायचं? आठ दिसातनं एकदा तरी सोबतीला यावं." त्यांनी भाकरीचा चतकोर तोडून त्या रिकाम्या बाजूला ठेवला.

तेवढ्यात कालव्याच्या रस्त्यावरून तू गेलास. स्कूटरवर, मागं छकुली, तिची तांबडी रिबीन. तुझी शाळा तिथनं हाकेच्या अंतरावर आहे रे! दर गुरुवारी तू तिथून जातोस आणि दर गुरुवारी तात्या तुला बघतात. मी उठून ओरडणार होते. तात्यांनी माझा पदर धरला. "हाक मारू नगं. त्याची शाळंची येळ झालीया." आणि घोंगडीचं टोक डोक्यावर ओढून घेतलं, तू चुकून वळून बघितलंस तर ओळखू येऊ नये म्हणून. मी त्यांना म्हटलं, त्यानंच तर तुमचं गाणं मोडलं, त्याला कशाला पाठीशी घालता? तर म्हणे, "त्याच्या हातात घड्याळ व्हतं. आमी घड्याळ बघितलं न्हाय. चूक आमची हाय." मला तुझा जेवढा राग आला ना राम, तेवढाच त्यांचा आला. तुला एक थोबाडीत मारली असती त्यांनी, तर मी हे पत्र लिहिलं नसतं.

तुझ्या दहा मिनिटांना तात्या येणार नाहीत, हे कमिटीला कळव. ते पत्रक मी त्यांना दाखवलेलंही नाही. आता कशासाठी लिहिलं ते सांगते. ९ फेब्रुवारीला त्याच जागी तुमचं नवं स्टेज उभं राहणार, आणि त्याआधी देव बाहेर निघाला पाहिजे. तात्यांचा दम आता पुरत नाही. एकट्यानं ती ओवी होत नाही, समोर झील धरणारा लागतो. गेणबाकाका गेल्यावर ती झील येणारा माणूस या जगात एकच उरला आहे आणि तो स्कूटरवरून शाळेत जातो. मला शिकवली असती, तर मी तुझ्यापुढं पदर पसरला नसता, मीच जाऊन बसले असते. हे पत्र पोस्टात टाकत नाही, दूधगाडीच्या सोनबाच्या हाती देते, म्हणजे उद्याच मिळेल आणि मिळालं नाही असं तुला म्हणता येणार नाही. येत्या गुरुवारी, सोळा तारखेला, शाळेत रजा टाक. माइक नको, निवेदक नको, घड्याळ घरी ठेव. छकुलीला आणलंस तर आण, तिलाही ऐकू दे. जाऊन काही बोलू नकोस, माफीही मागू नकोस, त्यांना ते झेपणार नाही. घोंगडीच्या रिकाम्या बाजूला बस आणि कानाला हात लाव, म्हणजे ते आपोआप सुरू करतील. जिथं तू थांबवलंस ती ओळ मी परवा त्यांच्याकडून ऐकून घेतली आहे, 'पानी लागलं छातीला, कोकरू घेतलं खांद्याला'. पुढची ओळ मला येत नाही. ती तुझी आहे.

रागावलेली, तरी तुझीच,
सिंधूअक्का