खालच्यांचा चहा

३ नोव्हेंबर
डोळखांबच्या पोस्टात रुजू झाले. खोली छान आहे. सारवलेली जमीन, वर पत्रा, मागे कापलेल्या भाताचा वास. घरमालकीण सकुबाईने नाचणीची गरम भाकरी दिली. इथे बदली मागून घेणारी तूच पहिली गो, म्हणून हसली. माझी लेक मनस्वी गेल्यापासून आज प्रथम भूक लागली.

६ नोव्हेंबर
अजून दोन कप मांडते. माझा दुधाचा, लेकीचा कोरा. दुधाने तिला मळमळायचं. चहा पिताना ती क्लासमधले शब्द शिकवायची. नरकाला इटालियनमध्ये इन्फेर्नो, स्पॅनिशमध्ये इन्फिएर्नो, फ्रेंचमध्ये आँफेर. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता 'खालचं'. मेलेले म्हणजे इन्फेरी, खालचे. आई, आग लोकांनी नंतर लावली, म्हणायची. स्मशानातून आल्यापासून मी तेवढंच धरून आहे.

९ नोव्हेंबर
दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता. सकुबाई म्हणते, पोरीचा जीव तुझ्यातच अडकलाय, रोज पत्र्यावर घास ठेव. ठेवला. कावळा फिरकला नाही. शेवटी आज कोरा चहा कोपऱ्यात जमिनीवर ओतला. खालच्यांना खालीच द्यावं. भुईने लगेच पिऊन टाकला.
सकुबाई चिडली. मेल्या माणसाचं वर ठेवायचं, भुईला नाय पाजायचं, बाय. चटक लागली तर मागत बसंल.

१२ नोव्हेंबर
ओल वाळत नाही. दुपारी कोपऱ्यातून आवाज आला. इन्फेर्नो. तिचाच, 'र' तसाच घोळवलेला. मी इन्फिएर्नो म्हटलं. खालून आँफेर आलं. मी पोटभर रडले.

१४ नोव्हेंबर
चहा पुरत नाही. भात मागितला, दिला. आता दूध मागते आहे.
मनस्वी, दूध?

१५ नोव्हेंबर
सकुबाई कुदळ घेऊन आली. कोपरा उकरू, नव्याने सारवू, म्हणाली. मी दार लावून घेतलं. खाली माझी मुलगी आहे.

१६ नोव्हेंबर
दूध ओतलं. खाली घोट वाजले. पुष्कळ. एकदम.
विचारलं, मनस्वीच ना?
हो, म्हणाले. सगळे. तिच्याच आवाजात.

१७ नोव्हेंबर
सकाळी पत्र्यावर कावळा. सकुबाईने गुपचूप ठेवलेला घास त्याने उचलला. उडाला.
म्हणजे ती वरच होती. इतके दिवस, माझ्या डोक्यावर. आता सुटली.
मग खाली—

ओल उंबऱ्यापर्यंत आली. पाय रुततो आहे. खालून सगळे म्हणतात, आई, भूक, आई—
सकुबाई दार ठोठावते आहे. कडी माझ्याच बाजूला, हात पुर—