ओढायचं ते गिळलं

ती. विमलाताईस,

धाकट्या हरिश्चंद्राचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्ष आडवा झालो तर उठताना दम लागतो). तुझे गुडघे आणि तुझी म्हैस दोघंही बरी असतील, अशी आशा करतो. आमचं इंद्रलोकात (आमच्या वसाहतीत, स्वर्गात नव्हे) बरं चाललंय, आणि ते कुणामुळे, हेच सांगायला बसलोय.

फुप्फुसाच्या डॉक्टरांनी मला दोन पंप दिले: एक रोज सकाळी कॅप्सूल घालून ओढायचा, दुसरा एकदम धाप लागली तरच. त्यांनी नीट समजावलं, पण मी नुसती मान डोलावत होतो. लक्ष सगळं सिगरेट सुटणार या दुःखात. केबिन रोडवरचा औषधवाला पुडकं देताना "अंकल, रोज सुबह एक" म्हणाला, तेवढंच डोक्यात राहिलं. तेव्हापासून रोज सकाळी एक कॅप्सूल चहाबरोबर गिळू लागलो. सोबतचं प्लॅस्टिकचं यंत्र कंपनीची भेटवस्तू समजून कपाटात ठेवलं. असे एकोणीस दिवस! वर सुनेला, सुरुचीला, ऐटीत सांगायचो की एकही दिवस चुकवला नाही.

विसाव्या दिवशी लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलो, तो उठवेना. ताई, हवा समोर होती आणि आत येत नव्हती. वाटलं, संपलं आता. तेवढ्यात ऑड्रे ड्यूटीवरून आली. ही मूळची उत्तनची, नर्स आहे, त्याच मजल्यावर राहते; तोवर आमची ओळख "पाणी आलं का?" इतपतच. तिने माझ्या खिशातला धापेचा पंप काढला (सीलही तसंच होतं!), हलवून माझ्या तोंडाला लावला आणि पाठीवर हात ठेवून शेजारी बसली. श्वास परतल्यावर विचारलं, रोजचा घेता ना? मी म्हटलं, "गिळतो की."

हसली नाही गं ती. "काका, तो गिलाचा न्हाय, ओढाचा हाय," एवढंच म्हणाली, आणि सुरुचीला घेऊन मला तसंच डॉक्टरांकडे नेलं.

पुढे आठवडाभर कामावर जायच्या आधी रोज शिकवायला आली. कॅप्सूल यंत्रात घालून फोडायची. आधी श्वास बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही (मी यंत्रातच फुंकर मारली आणि सगळी पूड तिच्या गणवेशावर). मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोल ओढायचं आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. शेवटी चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. पहिली चूळ मी सवयीने पिऊन टाकली. महिन्याभरात जिना चढू लागलो, म्हणून दोन दिवस पंपाला सुट्टी दिली, तर तिने असं झापलं की आपली आई आठवली: "काका, बरं वाटते ते रोज घेता म्हणून!"

ना नात्याची, ना गोत्याची. पण रोज सकाळी तो श्वास आत जातो तेव्हा मी मनातल्या मनात त्या पोरीला हात जोडतो.

तुझा,
हरी

ता. क. तुझ्या कौस्तुभने फोनवर सांगितलं, चुलीच्या धुराने तुझीही छाती धरली आहे आणि रोजचा पंप तू "आता गरज नाही" म्हणून फळीवर ठेवलायस. हे सगळं पुराण त्यासाठीच लावलं. पंप घेऊन पंधरा दिवस इकडे ये आणि ऑड्रेसमोर ओढून दाखव.

आणखी ता. क. पत्र ऑड्रेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोस्टमन येईपर्यंत ताईंनी काय कराचं?" खरंच की! म्हणून आत्ताच फोन लावतोय, उद्याच्या गाडीने निघ. कौस्तुभा, हे पत्र बहुधा तुझ्याच हाती पडेल. आईची वाट बघू नकोस, मी तिला इतक्यात सोडत नाही.